कल्याणच्या खाटेवर तीन रात्री

आमच्या मावसबहिणीची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली, तिची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो. राहायची खोली मिळायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर पोर राहिली एका हॉस्टेलमध्ये. हॉस्टेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजचे वसतिगृह येते. हे तसले नव्हे. पाठीला पिशवी अडकवून देशोदेशी हिंडणाऱ्यांची ही उतरण्याची जागा. भाडे खोलीचे नाही, खाटेचे. एका खोलीत आठ खाटा, चार खाली, चार वर. खालच्या खाटेवर ब्राझीलचा कोणी, वरच्यावर कोरियाची मुलगी. रात्री दोनला एकजण येऊन दिवा लावतो, दुसरा पहाटे चारला प्लॅस्टिकच्या पिशव्या खसखस वाजवत सामान भरतो. चादर आपली आपण घालायची, टॉवेल हवा असला तर त्याचे पैसे वेगळे. सगळ्यांच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवलेला तिचा डबा दुसऱ्याच दिवशी कुणीतरी रिकामा केला आणि स्वच्छ धुऊन जागेवर ठेवला. “धुऊन ठेवला, मामा!” असे ती फोनवर हसत हसत सांगत होती. आणि भाडे? आपल्या पैशात रात्रीचे जवळजवळ तीन हजार.

खोलीत मुलगे आणि मुली एकत्रच असतात, हे तिने आजीला सांगितले नाही. मला सांगितले. आजीला वाचता येत नाही, नातू तिला हे पान वाचून दाखवतो. त्याने एवढी ओळ गाळावी.

आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हंजी धर्मशाळाच की गं. त्यासाठी इमानात कशाला बसलीस? मामासंगं कल्याणला गेली असतीस तरी चाललं असतं.”

आजी असे का म्हणाली, ते आता सांगतो.

२०२४ सालच्या जूनमधली गोष्ट. आमचा पुतण्या दोन वर्षे पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून ओतूरच्या रस्त्याने पळायचा, आल्यावर गुरांचे शेण काढायचा आणि मग पुस्तक घेऊन बसायचा. त्या वर्षी राज्यात १७,४७१ जागा निघाल्या आणि अर्ज आले १७ लाख ७६ हजारांच्या घरात. एका जागेमागे शंभर पोरे आली म्हणायची. मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यात १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५ आणि ७.२६० किलोचा लोखंडी गोळा फेकायला १५. त्यातले निम्मे तरी मिळाले पाहिजेत, आणि तेवढ्याने भागत नाही. एका जागेमागे वरच्या दहाजणांनाच लेखी परीक्षेला बोलावतात. दोन वर्षांच्या पळण्याचा हिशेब पाच-सहा मिनिटांत लागतो. त्या पाच-सहा मिनिटांच्या आदल्या रात्री पोर कुठे निजले, किती निजले, हा प्रश्न मग लहान राहत नाही.

चाचण्या १९ जूनपासून राज्यभर सुरू झाल्या. ऐन पेरणीचे दिवस. भावाला वाफसा सोडून हलता येईना, म्हणून पोराबरोबर मी निघालो. त्याने ठाण्याला अर्ज भरलेला. आमच्या बाजूने माळशेज घाट उतरून मुरबाडवरून येणारी एसटी कल्याणला सोडते. तिथून ठाणे लोकलने वीस किलोमीटर.

डोंबिवलीत आमचे पाहुणे आहेत. माणसे लाख मोलाची, पण खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत पाचजण, त्यात मुलीची परीक्षा. पुण्याला, मुंबईला, ठाण्याला ‘आपले कोणी ना कोणी आहे’ या भरवशावर आपण गावाकडची माणसे पिशवी उचलतो. त्यांच्या घरात पाय पसरायला जागा आहे की नाही, हे आपण कधी विचारत नाही. म्हणून ठरवले की आपली आपण सोय करायची. ठाण्याला फोनवर चौकशी केली तर लॉजच्या खोलीला पंधराशेच्या खाली कोणी बोलेना. कल्याणला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, दुकानांच्या माडीवर एक जागा सापडली. नाव सांगत नाही, कारण तसल्या जागा गावोगावी आहेत आणि सगळ्या एकाच आईची लेकरे दिसतात. पाटीवर ‘डॉरमेट्री’ लिहिले होते. रात्रीला अडीचशे रुपये खाट, चादर-उशी धरून.

मॅनेजरने मान वर न करता हात पुढे केला. “आधारची झेरॉक्स.”

“हे आधार आहे की.”

“झेरॉक्स म्हटलं मी. खाली मिळेल.”

दोन जिने उतरलो, दोन जिने चढलो. मग वहीत नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, कशासाठी आले. ‘कशासाठी’च्या रकान्यात मी ‘भरती’ लिहिले. वरच्या ओळीत ‘भरती’, त्याच्या वर ‘भरती’, त्याच्या वर ‘दवाखाना’. अर्धे पान असेच भरलेले.

खोलीत बावीस खाटा होत्या, लोखंडी, दुमजली, गाडीतल्या बर्थसारख्या. बावीसजणांत दोन न्हाण्या आणि एक संडास. एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. पंखे चार, त्यातला आमच्या डोक्यावरचा फिरायचा कमी आणि बोलायचा जास्त. नवव्या खाटेची खालची बाजू माझी, वरची पोराची. गादीवर रेक्झिनचे कव्हर होते. रात्री घाम सुटला की ते पाठीला असे चिकटायचे की कूस बदलली की ‘चर्र’ असा आवाज यायचा. बावीस माणसे कुशी बदलताहेत, असा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? मी ऐकला.

दिवा मालवला आणि समोरच्या खाटेवरचे गृहस्थ सुरू झाले. आपले जुने ऑइल इंजिन आठवते का? आधी हँडल मारताना नुसते फुस्स, फुस्स, मग एक धक्का, मग पाटाला पाणी लागेपर्यंत सलग. हुबेहूब तसे. मधूनच बंद पडायचे. आपण म्हणावे, चला, डिझेल संपले. तोच पुन्हा हँडल.

बाराच्या सुमारास मानेला काहीतरी चावले. डास म्हणून थापट मारली, तर बोटाला तो वास लागला. चाळीस वर्षांनी आला, तरी ओळखला. ढेकूण! आमच्या लहानपणी घरोघर बाजा उन्हात टाकायचे, खाचांत रॉकेल सोडायचे, तो प्राणी मला वाटले संपला. तो संपलेला नाही, फिरतीवर आहे. माणसाच्या पिशवीत बसून तो आता देशोदेशी जातो. २०२३ साली ढेकणांवरून पॅरिस शहरात केवढा गहजब झाला होता; आगगाड्यांतल्या गाद्यांपासून सिनेमाच्या खुर्च्यांपर्यंत लोक शोधत होते. तेव्हा कल्याणला नाक मुरडायचे कारण नाही. त्याच्यामुळे रोगराई पसरते असे दिसून आलेले नाही, हे एक बरे. पण झोप जाते, आणि झोपेसाठीच तर आम्ही पाचशे रुपये मोजले होते. तुम्हांला कधी अशा जागी उतरायची वेळ आली, तर पिशवी खाटेवर किंवा जमिनीवर ठेवू नका, खुंटीला टांगा. टेकण्याआधी गादीची शिवण आणि खाटेचे सांधे मोबाइलच्या उजेडात बघून घ्या. काळे ठिपके दिसले की खाट बदलून मागा. मी मागितली नाही, कारण मला हे तेव्हा ठाऊक नव्हते.

पहाटे तीनला उठून पावसातच ठाणे गाठले. साकेतच्या मैदानावर पाणी साचलेले. घसरून पोरांचे हातपाय मोडायचे, म्हणून त्या दिवसाची चाचणी पुढे ढकलली आणि परवाची तारीख मिळाली. तेही बरोबरच होते. पण गावी जाऊन परत यायचे म्हणजे दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, शिवाय माळशेजला दरड आली तर घाट बंद. मुक्काम वाढवण्यावाचून इलाज नव्हता.

पोर हिरमुसले. त्याला जरा बरे वाटावे म्हणून मासुंदा तलावाच्या काठाने हिंडवून आणले. ठाणे हे तळ्यांचे गाव. पाऊस थांबल्यावर पाण्याकडून गार वारा येत होता. स्टेशनवर आल्यावर त्याला सांगितले की १६ एप्रिल १८५३ रोजी या देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरवरून निघाली ती इथवर आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. तो म्हणाला, “काका, तेव्हा बसायला जागा मिळत असेल.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. येताना डोंबिवलीच्या फलाटावरची माणसे आमच्या डब्याच्या दाराला नुसत्या बोटांनी धरून लोंबकळताना आम्ही दोघांनीही पाहिली होती. तुमची मुले तिकडे निघाली तर एवढे अवश्य बजावा, गाडी सुटली तरी चालेल, दारात लोंबकळायचे नाही.

दुपारी बाराला कल्याणच्या माडीवर परतलो, तर माझ्या खाटेवर दुसराच माणूस गाढ झोपलेला! माझीच चादर पांघरून. मॅनेजरला गाठले. तो शांतपणे म्हणाला, “ती दिवसाची पार्टी आहे. तुमची खाट रात्रीची.”

“म्हणजे एक खाट दोघांना?”

“दोघं एका वेळी झोपता का? मग?”

या तर्कापुढे काय बोलणार? झोपलेला माणूस जळगावकडचा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा, खोली मिळेपर्यंत खाटेवर दिवस काढणारा. जागा झाल्यावर बिचारा इतका ओशाळला की स्वतःच्या पैशाने आम्हांला चहा पाजला.

आणि मला माझे वडील आठवले. १९६० च्या सुमारास ते लालबागला गिरणीत होते, तेव्हा गावकीच्या खोलीत राहायचे. जुन्या वाचकांना ही खोली सांगायला नको. एका गावची वीस-पंचवीस माणसे मिळून एकच खोली भाड्याने घ्यायची. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि चटईएवढी जमीन. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रात्रपाळीचा आडवा. जेवण खानावळीच्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने. आपल्या जुन्नर-आंबेगाव-खेडच्या किती घरांची दुरुस्ती, किती बहिणींची लग्ने त्या चटईवरच्या झोपेतून झाली असतील, त्याची मोजदाद नाही. पण तिथे शेजारी झोपलेला माणूस भावकीतला असायचा. ट्रंकेला कुलूप नसले तरी चालायचे. कल्याणच्या खोलीत बावीस जिल्ह्यांची बावीस माणसे, आणि प्रत्येकाचे पाकीट उशाखाली.

दुसऱ्या रात्री आपसूक बोलणी झाली. घोरणारे गृहस्थ बाजार समितीत हमाली करणारे, मूळचे सातारा जिल्ह्यातले. कोपऱ्यातल्या खाटेवरचा तरुण शिक्षक. बायकोला दवाखान्यात दाखल केलेले, तिच्याजवळ तिची आई, आणि हा सहा रात्री इथे. त्याच्या उशाशी औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा. रात्री कुणाचाही फोन वाजला तरी तो दचकून उठून बसायचा. इंजिनाच्या आवाजाबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. त्याच्याकडे पाहिल्यावर मीही माझ्या मानेवरचे चावे खाजवायचे सोडून दिले.

झोप लागत नव्हतीच, म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे हमालदादांबरोबर बाजार समितीत गेलो. तिथे गेल्यावर मात्र परके वाटेना. कोथिंबिरीच्या जुड्या, गवार, झेंडूचे क्रेट. एका टेम्पोवर तर आमच्याच तालुक्याचे नाव. आपला माल वर्षानुवर्षे कल्याणला रात्री येतो, पहाटे विकला जातो आणि दिवस उगवायच्या आत कुणाच्या तरी घरी पोचतो. झेंडूला बाजारात हात धरून नेणारा आहे, आणि त्याच गावच्या पोराला रात्री टेकायला धड जागा नाही, याची मोठी गंमत वाटली. गंमत म्हणजे हसण्याची नव्हे.

मग दिवसभर करायचे काय? पाऊस उघडल्यावर दुर्गाडीवर गेलो. खाली उल्हासची खाडी. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच काठाला आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. पोर खाडीकडे बघत बराच वेळ काही बोलले नाही. उद्याच्या धावण्याचा विचार करत असावे.

परतताना त्याला आनंदीबाई जोशींचे सांगितले. कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली मुलगी. नवव्या वर्षी लग्न झाले. अठराव्या वर्षी, १८८३ च्या एप्रिलमध्ये, नवरा मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला निघाली. फिलाडेल्फियात बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकली. तिला राहायला मिळालेल्या खोलीतली भिंतीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर कोंडायचा, विझवली की बर्फाळ थंडी. धूर घ्यायचा की थंडी, एवढीच निवड. त्यात नऊवारी नेसायची आणि शाकाहार सोडायचा नाही. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली, वर्षाअखेरीस क्षय घेऊन परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिची हिंमत आपण सांगतो, तसबिरीला हार घालतो. पण त्या धुराच्या खोलीचे कोणी फारसे बोलत नाही. परक्या गावी गेलेल्या माणसाचे निम्मे दुखणे निजायच्या जागेचे असते, असे मला त्या तीन रात्रींपासून वाटू लागले आहे.

आता शेवटची रात्र. वाचकहो, सगळी फजिती त्या रात्रीसाठी राखून ठेवलेली होती.

बावीस माणसांत चार्जिंगचा बोर्ड एक आणि त्याला जागा सहा. पोराने मोबाइल लावला, तीनचा गजर लावला, आठला आडवे झाले. मीही निर्धास्त. रात्री केव्हातरी कुणीतरी आमची पिन काढून आपली लावली. आमचा मोबाइल केव्हाच मान टाकून बसला होता. गजर कसला वाजतो! आणि तीन रात्रींचे जागरण साठून मला त्याच रात्री गाढ झोप लागली.

एकदम खाट हादरली. “ओ पोलीस! उठायचं न्हाय व्हय? तीन वाजून गेलं!”

हमालदादा. दोन रात्री ज्यांच्या घशातल्या इंजिनाला मी मनोमन शिव्या मोजल्या, ते बाजाराला निघताना आमच्या खाटेची दांडी गदगदा हलवत होते. आदल्या संध्याकाळी पोराने त्यांना सहज वेळ सांगितली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. पाचला मैदानावर हजर राहायचे होते. धडपडत खाली उतरलो. संडासाला आधीच चारजण. पोराने नुसते तोंड धुतले. प्रवेशपत्राचा कागद मी घरूनच छापून आणला होता म्हणून बरे, नाहीतर ते मेलेल्या मोबाइलमध्येच राहिले असते.

जिन्याजवळ आलो तर माझ्या चपला नाहीत! गेल्या त्या गेल्या. न्हाणीच्या दारात स्लिपरा पडल्या होत्या. अंधारात त्या पायात सरकवल्या आणि पळालो. कल्याणच्या फलाटावरच्या उजेडात पाहिले, एक निळी, एक हिरवी आणि दोन्ही डाव्या पायाच्या.

पोर आत गेले. पालकांना बाहेरच थांबायचे. तिथे चार तास मी दोन डाव्या पायांवर उभा होतो. शेजारी मराठवाड्यातून आलेली एक माउली, तिची मुलगी दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला आलेली. मी म्हटले, “ताई, उतरलात कुठं?”

“उड्डाणपुलाखाली. अजून दहा-बारा पोरी हायेत. मी जागी ऱ्हाते, त्या निजत्यात.”

मी डॉरमेट्रीचे नाव सांगू लागलो आणि गप्प बसलो. तिथे बायांना खाट नव्हतीच; पाटीवर तसे लिहिलेले होते. तीन दिवस मी ढेकणांची तक्रार करत होतो. ज्यांना ढेकणांची खाटसुद्धा मिळत नाही, त्यांचे काय, हा विचार मला तोवर शिवला नव्हता.

१९०९ साली जर्मनीत एक शाळामास्तर होते, रिचर्ड शिरमन त्यांचे नाव. मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळी पावसात सापडले. एका गावच्या शाळेत रात्र काढली. बाकांवर आणि गवतावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आले, सुटीत शाळा रिकाम्याच असतात, तर प्रवासी मुलांना त्या निजायला का देऊ नयेत? आधी स्वतःच्या शाळेत त्यांनी सोय केली, १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचे ठिकाण उभे राहिले, आणि आमच्या भाचीने ज्याचे तीन हजार मोजले त्या हॉस्टेलांचे मूळ तिथे आहे. आपल्याकडे तर शाळा रोज रात्री रिकाम्या असतात, मंगल कार्यालये चातुर्मासात ओस पडतात. भरतीच्या आठ-पंधरा दिवसांत जिल्ह्याच्या गावी अशा दोन जागा मुलींसाठी उघडल्या, एक दिवा, नळाचे पाणी आणि दाराशी एक म्हातारी बाई ठेवली, तर खर्च तो किती? आपल्या तालुक्याच्या ठिकाणी तुमच्यापैकी कोणी संस्थेवर असाल, कार्यालय चालवत असाल, तर पुढच्या भरतीआधी हा विषय जरूर काढा. नुसते ‘सरकारने करावे’ म्हणून मी लिहीत नाही. आपल्याच पोरी त्या पुलाखाली निजत आहेत.

दहाच्या सुमारास पोर बाहेर आले. गुडघ्यापर्यंत चिखल. १६०० मीटर पाच मिनिटे आणि वीसेक सेकंदांत पार केले म्हणाला. गोळा नेहमीपेक्षा जवळ पडला. हातात जोर वाटला नाही. “झोप झाली असती तर...” एवढेच बोलला आणि माझ्या पायांकडे बघून खो खो हसायला लागला. आम्ही दोघे ठाण्याच्या रस्त्यात उभे राहून हसलो. मग मिसळ खाल्ली, नव्या चपला घेतल्या आणि कल्याणला येऊन पिशव्या उचलल्या. शिक्षकाची खाट रिकामी होती. मॅनेजरला विचारले. तो म्हणाला, “सकाळी गेले. घरी सोडलं त्यांच्या मिसेसना.” तीन दिवसांत तो माणूस पहिल्यांदाच मान वर करून बोलला.

घरी पोचलो तर मंडळींनी उंबऱ्याबाहेरच अडवले. मानेवरच्या गांध्या बघूनच ती समजली. पिशव्या अंगणात, कपडे अंगणात, आणि चुलीवर पाण्याचा हंडा. उकळत्या पाण्यात सगळे बुडवून काढले. ढेकणावर हाच खरा उपाय, नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नये. पिशवीच्या शिवणीतून दोन निघाले. कल्याणहून आलेले पाहुणे म्हणून सगळी गल्ली बघायला जमली.

लेखीला त्याला बोलावणे आले, आणि तीन गुणांनी नाव राहिले. ते तीन गुण गोळ्यातले की झोपेतले, याचा हिशेब आम्ही घरात करत नाही. त्याने पुढच्या भरतीचा अर्ज भरला आहे. या वेळी ‘काका, मी एकटा जातो’ म्हणतो. पिशवी त्याने आत्तापासूनच भरून ठेवली आहे. तीत टांगायला नायलॉनची दोरी, प्रवेशपत्राच्या दोन प्रती, आधारच्या चार झेरॉक्स, चार्जिंगची पेटी, आजीचे चावीचे गजराचे घड्याळ, आणि चपला बांधून उशाशी ठेवायला एक कापडी पिशवी. हमालदादांचा नंबर त्याने घड्याळाच्या मागच्या बाजूला चिकटवला आहे.